नाइन ऑफ कप्स आलंय? समाधानाचं हे कार्ड नीट कसं वाचायचं

टॅरो, म्हणजे ७८ चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य बघणं, शिकायला घेतलं की पहिल्या काही दिवसांतच एक गोष्ट कानावर येते, नाइन ऑफ कप्स (कपांच्या गटातलं नववं कार्ड) म्हणजे विश कार्ड, मनात धरलंय ते होणार. मग ते आलं की लोक खूश होतात, फोटो काढून मैत्रिणीला पाठवतात आणि रीडिंग, म्हणजे कार्डं काढून त्यांचा अर्थ सांगणं, तिथेच संपतं. मला हे खरंच खटकतं, कारण अख्ख्या डेकमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जोडात, इतकं घाईघाईत वाचलं जाणारं दुसरं कार्ड नसेल. त्यात समाधान आहे, कृतज्ञता आहे, थोडा आत्मसंतुष्टपणाही आहे, आणि तुमच्या रीडिंगमध्ये यातलं नेमकं काय आलंय ते ओळखता यायला हवं. ते कसं ओळखायचं ते इथे लिहितेय. तुमच्याकडे रायडर-वेट-स्मिथ हा सर्रास वापरला जाणारा डेक किंवा त्याच्यावरून काढलेला एखादा डेक आहे असं धरून चालले आहे, बाकी डेकचं मध्ये थोडं येईलच.

आधी चित्र, अर्थ नंतर

कार्ड हातात घ्या आणि अर्थ आठवायला जाऊ नका, फक्त दिसतंय ते मोठ्याने बोला. पिवळ्या पार्श्वभूमीवर भरल्या अंगाचा एक माणूस लाकडी बाकावर बसलाय, डोक्यावर लाल टोपी, हाताची घडी, चेहऱ्यावर झकास जेवण झाल्याचं सुख. त्याच्या मागे निळं कापड घातलेली कमानीसारखी उंच मांडणी आणि तिच्यावर ओळीने नऊ सोनेरी कप. संपलं चित्र. दुसरं कोणी माणूस नाही, घर नाही, डोंगर नाही, नदी नाही.

आता हे बघा की कप त्याच्या पाठीमागे आहेत. तो त्यांच्याकडे बघत नाहीये, तोंड आपल्याकडे आहे. आणि कपांत काय आहे ते चित्रात कुठेच दिसत नाही, भरलेत की रिकामे हे आपण आपल्याच मनाने ठरवतो. हा डेक ज्यांच्या कल्पनेतून आला त्या आर्थर एडवर्ड वेट यांनी लिहून ठेवलंय की हा माणूस मनसोक्त जेवलाय, मागे भरपूर वाइन आहे आणि त्यावरून पुढचीही सोय झालेली दिसते. पण त्याला लागूनच ते म्हणतात की चित्रात फक्त भौतिक बाजू आलीय, बाकीच्याही बाजू आहेत. म्हणजे ज्यांनी अर्थ लिहिला त्यांनीच सांगितलंय की दिसतंय तेवढ्यावर थांबू नका, आणि आपण नेमकं तिथेच थांबतो.

हे चित्र काढलं पामेला कोलमन स्मिथने. १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकांनी हा डेक काढला. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये कप्सची नव्वी म्हणजे नुसते नऊ कप आणि वेलबुट्टी एवढंच असायचं, माणूसबिणूस काही नाही (पंधराव्या शतकातला इटलीचा सोला बुस्का डेक हा अपवाद, त्यात सगळ्या ७८ कार्डांवर चित्रं आहेत). तेव्हा आज आपण या माणसाच्या घडी घातलेल्या हातांवरून आणि चेहऱ्यावरून जे काही वाचतो ते सगळं तिच्या पेन्सिलीतून आलेलं आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या फोटोग्राफरला लिहिलेल्या पत्रात तिने सांगितलं होतं की एक मोठं काम संपवलं पण पैसे फारच थोडे मिळाले. आणि पुढे कित्येक वर्षं डेकच्या नावात प्रकाशक होते, वेट होते, ती नव्हती. कृतज्ञतेचं कार्ड शिकताना निदान तिचं नाव माहीत असावं म्हणून हे आवर्जून लिहिलं.

चार, पाच, आठ आणि नऊ एका ओळीत मांडा

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. हे करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, दहा मिनिटांचं काम आहे. डेकमधून कप्सची चौथी, पाचवी, आठवी आणि नववी कार्डं काढा आणि शेजारी शेजारी ठेवा.

फोर ऑफ कप्समध्ये एक तरुण झाडाखाली बसलाय, त्यानेही हाताची घडी घातलीय, समोर तीन कप आहेत, ढगातून एक हात चौथा कप पुढे करतोय आणि हा ढिम्म, बघायलाच तयार नाही. म्हणजे हाताची घडी तीच पण एकाची नाराजीची आणि एकाची तृप्तीची. फाइव्ह ऑफ कप्समध्ये काळा झगा घातलेला माणूस सांडलेल्या तीन कपांकडे बघत उभा आहे आणि दोन उभे कप त्याच्या पाठीमागे आहेत जे त्याला दिसतच नाहीयेत. एट ऑफ कप्समध्ये आठ कप नीट रचून ठेवलेत आणि माणूस त्यांच्याकडे पाठ फिरवून रात्री डोंगराकडे निघून चाललाय. आणि नाइनमध्येही पाठच, फक्त इथे माणूस निवांत बसलाय.

दिसलं ना? कप्सच्या या कार्डांमध्ये माणूस कपांकडे बघतोय की पाठ करून आहे, यावर सगळा खेळ आहे. कपांची संख्या वाढली म्हणून समाधान वाढलं असं कुठेच नाही, आठ कप असूनही तो माणूस निघून गेलाच की. नाइनमधली पाठ दोन प्रकारे वाचता येते. एक तर भरवसा, म्हणजे मागे आहे ते आहे, सारखं वळून मोजायची गरज नाही. आणि दुसरं म्हणजे गृहीत धरणं, मिळालं, झालं, आता त्याच्याकडे बघायचंही नाही. तुमच्या रीडिंगमध्ये यातली कुठली पाठ आहे हे शोधणं हेच या कार्डाचं वाचन, आणि विश पूर्ण होणार की नाही हा त्यानंतरचा प्रश्न.

कृतज्ञता कुठे आली मग? चित्रात समाधान आयतं आहे पण कृतज्ञता नाही, ती वाचणाऱ्याने आणायची असते. आपल्याकडे पंगतीत पोटभर जेवून उठताना माणूस अन्नदाता सुखी भव म्हणतो ना, ढेकर देणं वेगळं आणि हे म्हणणं वेगळं, तसं या कार्डातला माणूस जेवून तृप्त झालाय पण ते वाक्य अजून त्याच्या तोंडून निघालेलं नाही. म्हणून हे कार्ड आलं की मी पहिला प्रश्न हा विचारते की हे कप भरले कोणी? नोकरी लागली ठीक, पण पहिल्या वेळी रेझ्युमे कोणी पुढे पाठवला होता, परीक्षेच्या वर्षी डबा कोण करून देत होतं, फ्लॅटचं डाउन पेमेंट कमी पडत होतं तेव्हा कोणी न मागता विचारलं होतं. या प्रश्नाने रीडिंगचा सूरच बदलतो, समोरचा माणूस भविष्याबद्दल विचारायला आलेला असतो आणि तो माणसांबद्दल बोलायला लागतो.

थोडं ज्योतिष

गोल्डन डॉन नावाच्या ज्या इंग्लिश गूढविद्या मंडळात वेट आणि पामेला दोघंही होते, त्यांच्या पद्धतीत या कार्डाला भौतिक सुखाचा स्वामी असं नाव आहे आणि त्याला मीन राशीतला गुरु जोडलाय. आपल्यातल्या पत्रिका बघणाऱ्यांना हे लगेच कळेल, गुरु मीनेत म्हणजे स्वराशीत, देणारा, मोठ्या मनाचा. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांची पद्धत सायन (ऋतूंवरून राशी मोजणारी) आहे, आपली निरयन (ताऱ्यांवरून मोजणारी). त्यांच्या हिशेबाने हे कार्ड मीनेच्या मधल्या दहा अंशांचं म्हणजे साधारण १ ते १० मार्चचं, आपल्या पंचांगात मात्र तेव्हा सूर्य अजून कुंभेतच असतो. दोन्हींची सरमिसळ करून तारखा सांगायला जाऊ नका.

अलिस्टर क्रोली या इंग्लिश गूढविद्यावाल्याच्या थॉथ डेकमध्ये, ज्याची चित्रं फ्रिडा हॅरिसने काढली, याच कार्डाचं नाव हॅपिनेस आहे, तीन तीन कपांच्या तीन ओळी आणि कमळांतून सगळ्या कपांत पडणारं पाणी. त्या डेकमध्ये याच्या अलीकडचं आठवं कार्ड आळसाचं आहे आणि पलीकडचं दहावं अति तृप्तीचं, म्हणजे आता आणखी नको अशा अवस्थेचं. आनंद या दोघांच्या मधोमध ठेवलाय हे मला फार पटतं. मार्सेल हा जुन्या पद्धतीचा फ्रेंच डेक असेल तर तिथे या कार्डावर माणूस नाहीच, तेव्हा वरचं पाठीचं वाचन त्याला लावू नका, आकडा आणि कप्सचा पाणी-भावना हा संबंध यावरच वाचा. आणि डेकच नसेल तर साध्या पत्त्यांमधली बदाम नव्वी घ्या, कप्स म्हणजे बदाम, आणि इंग्लंडकडच्या पत्त्यांवरून भविष्य बघण्याच्या पद्धतीत बदाम नव्वीलाच विश कार्ड म्हणतात. टॅरोच्या नाइन ऑफ कप्सला तेच बिरुद लागलेलं आहे.

कुठल्या जागी आलंय ते बघा

एकच कार्ड काढलं असेल, रोजचं कार्ड वगैरे, तर सोपं आहे, आज काय भरलेलं आहे ते बघा आणि दिवसभरात त्यातल्या एका तरी गोष्टीकडे मुद्दाम वळा. तीन कार्डांच्या भूत-वर्तमान-भविष्य स्प्रेडमध्ये (मांडणीत) मात्र जागेने फार फरक पडतो. भूतकाळात आलं तर माणूस एखाद्या जुन्या चांगल्या काळाशी आजची तुलना करत बसलाय का ते विचारा. वर्तमानात आलं आणि माणूस म्हणतोय की माझं काहीच धड नाही, तर कार्ड चुकीचं आलं असं म्हणू नका आणि माणसालाही चूक ठरवू नका, फाइव्ह ऑफ कप्समधले ते मागचे दोन कप आठवा आणि तिथून बोलायला सुरुवात करा. भविष्यात आलं तर लोकांना तारीख हवी असते. मी तारीख देत नाही, त्याऐवजी विचारते की हे झाल्यावर तुमचा रोजचा दिवस कसा दिसेल ते सांगा. ज्याला ते सांगता येत नाही त्याची इच्छा अजून कच्ची आहे.

सेल्टिक क्रॉस ही दहा कार्डांची मांडणी करत असाल तर दोन जागा खास बघा. आडवं येणारं दुसरं कार्ड, म्हणजे अडथळा, तिथे नाइन ऑफ कप्स आलं की नवे लोक गोंधळतात, इतकं चांगलं कार्ड अडथळा कसं असेल? असतं ना. आहे त्या जागी इतकं बरं चाललंय की उठवत नाही. दहा-बारा वर्षं एकाच कंपनीत असलेले, पगार वेळेवर, बॉस त्रास देत नाही, आणि मनात मात्र दुसरंच काही करायचंय, अशांना हे कार्ड नेमकं या जागी आलं तर ते थेट त्यांच्याबद्दलच बोलतंय. दुसरी जागा नववी, आशा आणि भीतीची. इच्छा पूर्ण व्हावी असंही वाटतं आणि झाल्यावर पुढे काय याची धास्तीही वाटते, हे दोन्ही एकाच कार्डात बसतं, लग्न ठरत आलेल्यांना विचारून बघा.

उलटं आलं तर

रिव्हर्सबद्दल वेट यांनी सत्य, निष्ठा, स्वातंत्र्य असे अर्थ दिलेत आणि लगेच म्हटलंय की याबाबत मतं वेगवेगळी आहेत, कुणी चुका आणि उणिवाही वाचतात. आजकाल बहुतेक जण इच्छा अपुरी राहणं किंवा अति होणं असं सांगतात. मी ते असं वाचते की मिळालंय पण अंगी लागत नाहीये. प्रमोशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याचं पॅकेज कळलं, घर झालं पण ईएमआयच्या चिंतेत गॅलरीत बसून चहा प्यायला कधी सवड नाही, मुलाला ९२ टक्के पडले आणि घरात चर्चा उरलेल्या आठांची. कप तेवढेच आहेत, फक्त चवीला वेळच मिळालेला नाही. खाणं, पिणं, शॉपिंग हे अति होतंय का हेही इथे हळूच विचारावं, पण विचारावं, आरोप करू नये. दारूचा किंवा कुठल्याही व्यसनाचा खरा त्रास दिसला तर रीडिंग बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायला सांगा, त्यात कार्डाचं काही काम नाही.

शेजारची कार्डं

सगळी जोड्यांची यादी पाठ करायची गरज नाही. टेन ऑफ कप्स बाजूला आलं, ज्यात इंद्रधनुष्याखाली जोडपं आणि नाचणारी मुलं आहेत, तर एकट्याचं समाधान घरापर्यंत पोचतंय. थ्री ऑफ कप्स असेल तर मैत्रिणींना बोलवा, साजरं करा, यात फार खोल जाऊ नका. सिक्स ऑफ कप्स आलं तर जुन्या एखाद्या माणसाचे आभार राहिलेत, शाळेतल्या बाई, जुने शेजारी, कोणीही. सेव्हन ऑफ कप्स म्हणजे ढगांतली सात स्वप्नं, तेव्हा नेमकी कुठली इच्छा धरलीय तेच पक्कं नाही. आणि डेव्हिल, म्हणजे सैतानाचं कार्ड, शेजारी आला तर समाधान आणि सवय यांतला फरक बघायलाच हवा, हे एकच कॉम्बिनेशन मी कधी घाईत सोडत नाही.

नाइन ऑफ पेन्टॅकल्सशी, म्हणजे नाण्यांच्या गटातल्या नवव्या कार्डाशी, मात्र गल्लत करू नका. तिथे बागेत हातावर ससाणा घेतलेली बाई आहे, तीही एकटी आणि समाधानी, पण तिचं समाधान कष्टाने, शिस्तीने उभं केलेल्या गोष्टींचं आहे. पैसा आणि स्वावलंबनाचा प्रश्न असेल तर ते कार्ड जास्त नेमकं बोलतं.

नऊ कपांचा कागद

हे कार्ड नुसतं वाचून सोडण्यापेक्षा ते करून बघण्यासारखं आहे. एक कोरा कागद घ्या, कमानीसारखी रांग करून नऊ कप काढा, चित्रकला आली नाही तरी चालेल, नऊ गोल पुरे. प्रत्येक कपाखाली सध्या तुमच्या आयुष्यात भरलेली एक गोष्ट लिहा, पण आरोग्य, कुटुंब, देवाची कृपा असं मोघम नको, गुडघा दुखायचा थांबला, बहिणीचा रविवारचा फोन, ट्रेनमध्ये रोज जागा धरून ठेवणारी ती बाई, असं नेमकं. पाच-सहापर्यंत पटापट होतं, सातव्यापासून थांबायला होतं आणि खरं काम तिथे सुरू होतं, तेव्हा उठू नका. नऊ झाल्यावर प्रत्येक कपावर तो भरणाऱ्या माणसाचं नाव लिहा. काही कपांवर तुमचंच नाव येईल, तेही मोकळेपणाने लिहा, स्वतःच्या मेहनतीचं श्रेय घेणं यात काही गैर नाही. मग त्यातल्या एका माणसाला त्याच दिवशी फोन करा. मेसेज नको, फोन.

रोज नाही केलं तरी चालतं, आठवड्यातून एकदा पुरे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही लोकांनी आठवड्यातून एकदा, ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, काहींनी त्रासाच्या गोष्टी लिहिल्या, आणि कृतज्ञतेच्या गटातल्यांना आपल्या आयुष्याबद्दल आणि येणाऱ्या आठवड्याबद्दल जास्त चांगलं वाटत होतं. त्याचा टॅरोशी काही संबंध नाही, पण लिहून काढण्याने फरक पडतो एवढं त्यातून नक्की घेता येतं.

दुसऱ्यासाठी वाचताना

आता एक गोष्ट जी मला मनापासून सांगायचीय. आपल्या घरांमध्ये समाधान मान हे वाक्य फार वेळा गप्प बसवण्यासाठी वापरलं जातं, विशेषतः सुनांना, मुलींना, कमी पगारावर राबणाऱ्यांना. नाइन ऑफ कप्स त्या कामासाठी वापरू नका. चित्रातला माणूस जेवलेला आहे, उपाशी नाही. सासरी मार खाणारी बाई समोर बसलीय आणि हे कार्ड आलं म्हणून तिला आहे त्यात सुख मान असं सांगितलं तर ते वाचन सरळसरळ चुकीचं आहे आणि घातकही आहे. तिथे हे कार्ड विचारतंय की तुला हवं ते तुझ्या ताटात पडलंय का, आणि नसेल तर तिला मदत कुठे मिळेल याबद्दल बोला, महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर द्या, भविष्य नंतर.

नुकतंच कोणी गेलेलं असेल त्या घरातही जपून बोला. तिथे भरलेल्या कपांबद्दल विचारायचंच असेल तर गेलेल्या माणसाने काय काय दिलं एवढंच विचारा आणि त्यांना बोलू द्या, मध्ये अर्थ सांगायला जाऊ नका.

आणि हो की नाही एवढंच ज्याला हवंय, स्थळाकडून होकार येईल का, व्हिसा होईल का, त्याला नाइन ऑफ कप्स सरळ आलं तर हो सांगायला हरकत नाही, परंपरेने ते हो चंच कार्ड आहे. फक्त हो म्हणण्याआधी त्याच्याकडून इच्छा एका वाक्यात लिहून घ्या, कारण पुष्कळदा लिहिताना ती बदलते, व्हिसा हवा असं लिहायला घेतलेला माणूस भावाजवळ राहायचंय असं लिहून मोकळा होतो, आणि मग पुन्हा शफल करून त्या नव्या वाक्यासाठी कार्ड काढावं लागतं. एकदाच काढा, मनासारखं येईपर्यंत नाही.